संगणकावर घडणारी जंतुनाशक पेप्टाइड्स : गोठ्यात येण्याआधी कोलिस्टिनचा हिशेब

शिरूर तालुक्यात कवठे येमाई, सविंदणे, मलठण, टाकळी हाजी या पट्ट्यात एकाच घरी दोन पूरक व्यवसाय असणे नवे नाही. वस्तीच्या एका अंगाला संकरित गाईंचा गोठा आणि दुसऱ्या अंगाला कंत्राटी ब्रॉयलरची शेड. गाईला दगडी झाली की सडात ट्यूब सोडायची, पिल्लांची विष्ठा पातळ झाली की पाण्यातून प्रतिजैविक द्यायचे, ही सवय दोन्हीकडे सारखीच. शिरूर आणि दौंड तालुक्यांतली बरीच दूध संकलन केंद्रे आणि शेड याच सवयीवर चालत आली.

आता या सवयीवर दोन बाजूंनी ताण आला आहे. एक बाजू नियमांची. जुलै २०१९ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांत, कोंबड्यांत, मत्स्यपालनात आणि पशुखाद्यात कोलिस्टिनवर बंदी घातली. दूध, अंडी, मांसातील औषधांच्या अंशांबाबत अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे कडक नियम १ एप्रिल २०२५ पासून लागू झाले. त्याच वर्षी क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटाची औषधे अन्नासाठीच्या जनावरांकरिता बंद झाली. दुसरी बाजू तुम्हाला कागदावर वाचायची गरज नाही: पूर्वी तीन ट्यूबमध्ये बरी होणारी कास आता सहा ट्यूब देऊनही गाठ धरून बसते.

अशा वेळी दोन गोष्टी कानावर येतात. एक म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेने प्रतिजैविकांना पर्याय शोधल्याची बातमी. दुसरी म्हणजे पशुखाद्याच्या दुकानातील पाकिटांवर छापलेला ‘पेप्टाइड’ हा शब्द. बातमी खरी आहे, पाकिटावरचा शब्दही बहुधा खोटा नसतो. पण दोन्हींचा एकमेकांशी फारसा संबंध नाही, आणि हे नीट समजून न घेता पैसे घातले तर नुकसान तुमचेच आहे. त्यातही एक गोष्ट आधी लक्षात घ्या. ज्या कोलिस्टिनवर बंदी आली, ते स्वतःच एक पेप्टाइड आहे.

जनावराच्या अंगातले औषध

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ. तीच माळ दहा ते पन्नास मण्यांची असेल तर तिला पेप्टाइड म्हणतात. यातील काही पेप्टाइड्स जंतू मारतात. ती कारखान्यात तयार झालेली नाहीत. कीटक, बेडूक, कोंबडी, गाय आणि माणूस, सर्वांच्या अंगात ती असतात. १९८१ मध्ये स्वीडनमध्ये हान्स बोमन यांच्या गटाने एका मोठ्या पतंगाच्या रक्तातून सेक्रोपिन वेगळे केले. १९८७ मध्ये अमेरिकेत मायकेल झॅस्लॉफ यांनी आफ्रिकी बेडकाच्या कातडीतून मॅगेनिन शोधले.

पशुपालकाला जास्त जवळचे वाटावे असे शोध त्यानंतरचे आहेत. १९९१ मध्ये गाईच्या श्वासनलिकेच्या अस्तरात एक जंतुनाशक पेप्टाइड सापडले. बीटा-डिफेन्सिन या आज सर्वत्र अभ्यासल्या जाणाऱ्या कुटुंबातले ते सस्तन प्राण्यांमधले सुरुवातीचे उदाहरण. पुढच्याच वर्षी गाईच्या पांढऱ्या पेशींत इंडोलिसिडिन सापडले, अवघ्या १३ मण्यांचे. त्याच वर्षी जपानमध्ये दिसले की दुधातील लॅक्टोफेरिन हे प्रथिन जठरातील पेप्सिनने तुटले की त्यातून लॅक्टोफेरिसिन नावाचा २५ मण्यांचा तुकडा निघतो आणि तो मूळ प्रथिनापेक्षा जंतूंवर जास्त कडक असतो. १९९५ मध्ये गाईच्या जिभेवर जखम झालेल्या जागी असेच पेप्टाइड वाढलेले आढळले. जिभेवरचे हेच पेप्टाइड पुढे कासेतही सापडले. कासेत जंतू शिरला की ते वाढते.

कोंबडीची गोष्ट आणखी वेगळी आहे. तिच्या अंगात १४ प्रकारची बीटा-डिफेन्सिन्स आणि चार कॅथेलिसिडिन्स आहेत. आपल्या पांढऱ्या पेशी जंतू मारण्यासाठी ब्लीचसारखे रसायन तयार करतात. त्यासाठी लागणारे विकर कोंबडीच्या त्या कामाच्या पेशींत नसते. त्यामुळे या पेप्टाइड्सवर तिचा भार जास्त. पिल्लाच्या आतड्यातील ई-कोलायशी पहिली झुंज हीच देतात. पाण्यातले औषध त्यानंतरचे.

ही पेप्टाइड्स जंतू कशी मारतात हे समजले तर पुढचे सगळे सोपे होते. जंतूच्या बाहेरच्या पापुद्र्यावर ऋण विद्युतभार असतो. पेप्टाइडवर धन भार. ते त्याकडे ओढले जाते, पापुद्र्यात घुसते आणि त्याला भोके पाडते. जनावराच्या स्वतःच्या पेशींच्या बाहेरच्या बाजूला असा ठळक ऋण भार नसतो, म्हणून त्या बऱ्याच अंशी वाचतात. साध्या प्रतिजैविकाला जंतूतला एखादा ठरावीक भाग लागतो आणि तो भाग बदलला की औषध फसते. पेप्टाइड पूर्ण पापुद्र्यावर काम करते, म्हणून जंतूला त्याच्याशी जुळवून घेणे अवघड जाते. वर्षानुवर्षे संशोधक हेच सांगत आले. अवघड जाते हे खरे, पण अशक्य नाही.

कोलिस्टिनने दिलेला हिशेब

कोलिस्टिन १९५० च्या सुमारास जपानमध्ये मातीतील एका जंतूपासून मिळाले. तेही धन भाराचे पेप्टाइड, तेही पापुद्र्यालाच धरते. मूत्रपिंडाला त्रास होतो म्हणून माणसांच्या डॉक्टरांनी ते बराच काळ बाजूला ठेवले. जनावरांत मात्र ते पोत्यांनी वापरले गेले: आजारावर, आजार होऊ नये म्हणून, आणि नुसते वजन वाढावे म्हणून खाद्यात मिसळून. पुढे रुग्णालयांत बाकी औषधे हरू लागली तेव्हा डॉक्टरांना शेवटचा उपाय म्हणून कोलिस्टिनकडेच परत यावे लागले. तोवर शेतावर त्याचा मुबलक वापर झालेला होता.

नोव्हेंबर २०१५ मध्ये चीनमधील संशोधकांनी डुकरांतील ई-कोलायमध्ये एमसीआर-१ हे जनुक सापडल्याचे जाहीर केले. हे जनुक जंतूच्या बाहेरच्या पापुद्र्यावर एक रासायनिक गट चिकटवते, त्याने ऋण भार कमी होतो आणि कोलिस्टिनला धरायला जागा उरत नाही. वाईट गोष्ट ही की हे जनुक एका जंतूकडून दुसऱ्याकडे सहज जाते, शेजाऱ्याकडून विरजण न्यावे तसे.

इथवरची गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकली असेल. पण २०२३ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठातील प्रमोद जांगिर, क्रेग मॅक्लीन आणि सहकाऱ्यांनी पुढचा प्रश्न विचारला. कोलिस्टिनला दाद न देणारा ई-कोलाय जनावराच्या स्वतःच्या पेप्टाइड्सना तरी दाद देतो का? त्यांनी माणूस, डुक्कर आणि कोंबडीतील पेप्टाइड्स घेऊन तपासले. एमसीआर-१ असलेला जंतू या नैसर्गिक पेप्टाइड्ससमोरही जास्त टिकला. माणसाच्या रक्तद्रवातही तो जास्त तगला.

याचा अर्थ शेडच्या भाषेत असा. वजन वाढावे म्हणून खाद्यात जे पेप्टाइड घातले, त्याने असा जंतू निवडला ज्याच्यापुढे पिल्लाचे स्वतःचे संरक्षणही थोडे बोथट होते. बाकी प्रतिजैविकांच्या बाबतीत आपण निदान एवढे म्हणू शकतो की औषध हरले, जनावराची ताकद शाबूत आहे. पेप्टाइडच्या बाबतीत तेवढीही खात्री नाही, कारण औषध आणि अंगातले संरक्षण एकाच घराण्यातले आहेत.

त्याच देशातून दुसरी, चांगली बातमीही आली. चीनने एप्रिल २०१७ अखेर वाढीसाठी कोलिस्टिन वापरणे बंद केले. तिथले कोलिस्टिनचे उत्पादन २०१५ मधील २७,१७० टनांवरून २०१८ मध्ये २,४९७ टनांवर आले. डुकरांत कोलिस्टिनला दाद न देणाऱ्या ई-कोलायचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ३४.० टक्के होते, ते २०१७-१८ मध्ये ५.१ टक्क्यांवर आले. कोंबड्यांत १८.१ वरून ५.० टक्के. दोन वर्षांत इतका फरक पडेल असे बंदीच्या वेळी फार थोड्यांना वाटले असेल. बंदीवरून कुरकुर करणाऱ्या पोल्ट्रीधारकाला हे आकडे जरूर सांगावेत, असे विस्तार कार्यकर्त्यांना माझे सांगणे आहे. आपल्याकडची २०१९ ची बंदी याच दिशेची आहे आणि माझ्या मते ती योग्य आहे.

परळमध्ये तयार झालेली सूची

आता संगणकाकडे. वीस मण्यांचे पेप्टाइड करायचे ठरवले तर प्रत्येक जागी वीसपैकी कोणतेही एक अमिनो आम्ल बसू शकते. एकूण जोड्या होतात १ वर २६ शून्ये. प्रयोगशाळेत एकेक करून बघायचे तर पिढ्या जातील. म्हणून आधी संगणकाने चाळणी लावायची, मग उरलेली मोजकी पेप्टाइड्स तयार करून जंतूंवर तपासायची.

या चाळणीतले एक महत्त्वाचे काम आपल्या मुंबईत झाले आहे. परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेत डॉ. सुसान इडिकुला-थॉमस यांच्या गटाने ‘कॅम्प’ नावाची जंतुनाशक पेप्टाइड्सची सूची उभी केली. संस्थेच्या नावावरून गोंधळू नका. प्रजनन मार्गाचे रक्षण करणारीही हीच पेप्टाइड्स असतात, तेव्हा हा विषय तिथे जाणे नवल नाही. २०१० मध्ये ही सूची प्रसिद्ध झाली तेव्हा तीत ३,७८२ पेप्टाइड्स होती. २०२३ च्या चौथ्या आवृत्तीत ती २४,२४३ झाली. त्यांपैकी ११,८२७ निसर्गातली आणि १२,४१६ माणसाने घडवलेली. ही सूची जगात कोणालाही इंटरनेटवर मोफत पाहता येते. मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालयही परळलाच आहे. दोन संस्थांमध्ये पायी जाण्याएवढे अंतर. गाई-म्हशींच्या जंतूंसाठी या दोघांनी मिळून काही केले तर राज्याच्या दुग्धव्यवसायाला त्याचा थेट उपयोग होईल.

सूचीचा उपयोग नुसता नोंदीपुरता नाही. तुम्ही एखादी माळ टाइप केली की संगणक सांगतो, ही जंतुनाशक असण्याची शक्यता किती. तो हे शिकतो कसे? अनुभवी व्यापारी बैल बघून सांगतो तसे. हजारो बैल पाहिलेले असतात; खांदा, खूर, चाल, डोळा यावरून मनात गणित होते. संगणकाला हजारो जंतुनाशक माळा आणि हजारो निरुपयोगी माळा दाखवल्या जातात. तो धन भार किती, तेलकट मणी किती, माळ गुंडाळली की तेलकट मणी एका बाजूला येतात का, अशा खुणा शिकतो. ‘रँडम फॉरेस्ट’ नावाच्या पद्धतीत तर शेकडो छोटे निर्णय घेणारे पंच मतदान करतात आणि बहुमताने निकाल लागतो. चंदीगडच्या सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेत गजेंद्र राघव यांच्या गटाने २००७ पासून याच प्रकारची साधने केली. पुढे पेप्टाइड रक्तपेशी फोडेल का, हे आधीच सांगणारे साधनही त्यांनी दिले. ही शेवटची गोष्ट फार कामाची. जंतूला भोक पाडणारे पेप्टाइड गाईच्या रक्तपेशीलाही भोक पाडू शकते.

गेल्या पाच-सहा वर्षांत संगणक निवड करण्यावर थांबलेला नाही, तो स्वतः नव्या माळा रचू लागला आहे. २०२१ मध्ये आयबीएमच्या संशोधकांनी संगणकाने रचलेली २० पेप्टाइड्स ४८ दिवसांत निवडून, बनवून तपासली. त्यातली दोन जोरदार ठरली. २०२४ मध्ये जगभरच्या माती, पाणी, आतडी येथील जंतूंच्या जनुकीय माहितीतून आठ लाख ६३ हजारांवर संभाव्य पेप्टाइड्स काढण्यात आली. त्यातली १०० बनवली तर ७९ नी काही ना काही परिणाम दाखवला. वेग खरोखर वाढला आहे, यात शंका नाही.

काचेच्या नळीतून कासेत

पण ही सगळी तपासणी प्रामुख्याने काचेच्या नळीत किंवा प्लेटवर होते, आणि मुख्यतः माणसांच्या रुग्णालयातले जंतू समोर ठेवून. गाईची कास म्हणजे काचेची नळी नव्हे.

दुधात लिटरला सव्वा ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. कॅल्शियमवरही धन भार असतो. तो जंतूच्या पापुद्र्यावरच्या जागा आधीच अडवून बसतो आणि पेप्टाइडला जागा कमी मिळते. शिवाय केसीन आणि स्निग्ध पदार्थ पेप्टाइडला स्वतःकडे धरून ठेवतात. प्लेटवर वाघ असलेले पेप्टाइड दुधात मांजर होते, हे अनेकदा दिसले आहे. म्हणून पुढे कोणी तुम्हाला कासदाहावरचे पेप्टाइड दाखवले तर पहिला प्रश्न हा विचारा: हे दुधात तपासले का, की फक्त प्लेटवर?

कोंबडीत अडचण वेगळी. खाद्यातून दिलेले पेप्टाइड आधी ग्रंथिल जठरातील आम्लात आणि पेप्सिनमध्ये जाते, मग आतड्यातील ट्रिप्सिनमध्ये. सोयाबीनच्या प्रथिनाचे जे होते तेच त्याचे. पचून जाते. नैसर्गिक डिफेन्सिनला तीन गंधक-बंध असतात, ती घट्ट गाठ असल्यामुळे ते जरा जास्त टिकते. संशोधक माळेची दोन टोके जोडून वर्तुळ करतात किंवा निसर्गात नसलेली उलट्या वळणाची अमिनो आम्ले बसवतात. टिकाऊपणा येतो, खर्चही येतो.

खर्चाचे गणित कागदावर करून पाहू. यंत्रावर रासायनिक पद्धतीने पेप्टाइड बनवायला ग्रॅममागे ५० ते ४०० डॉलर लागतात, असा अंदाज अभ्यासकांनी मांडलेला आहे. सर्वांत स्वस्त धरू, ५० डॉलर, म्हणजे चार हजार रुपयांच्या वर. समजा टनभर ब्रॉयलर खाद्यात फक्त २० ग्रॅम घालायचे. ऐंशी हजार रुपये झाले. टनभर खाद्याचीच किंमत साधारण चाळीस हजारांच्या आसपास फिरते. एफसीआरमध्ये दोन-चार अंकांची सुधारणा झाली तरी हा हिशेब बसत नाही. म्हणून उद्या स्वस्तात पेप्टाइड आले तर ते यीस्ट किंवा जंतूंकडून मोठ्या टाक्यांत आंबवून आलेले असेल. त्यावर अनेक देशांत काम चालू आहे. पण तसे करताना दुसरी गफलत होऊ शकते: स्वस्त झाले की ते पुन्हा खाद्यात, पुन्हा रोज, पुन्हा थोड्या प्रमाणात. कोलिस्टिनचेही नेमके असेच झाले होते.

माणसांच्या औषधात काय झाले तेही पाहा. बेडकाच्या मॅगेनिनवरून घडवलेले पेक्सिगॅनन मधुमेही पायाच्या जखमेसाठी होते. अमेरिकी औषध प्रशासनाने १९९९ मध्ये त्याला मंजुरी नाकारली. डुकराच्या पेप्टाइडवरून केलेले इसेगॅनन मोठ्या चाचण्यांत अपयशी ठरले. दोन्ही प्रयोगशाळेत उत्तम होती.

दुग्धव्यवसायात बऱ्यापैकी पुढे गेलेले उदाहरण नायसिनचे. ताकातल्या जंतूंच्या जवळच्या एका जंतूपासून ते मिळते आणि अन्न टिकवण्यासाठी जगभर वापरले जाते. सड पुसायच्या ओल्या फडक्यात ते अमेरिकेत वापरले गेले. सडात सोडायच्या रूपासाठीही तिथे बरीच वर्षे प्रयत्न झाले. यात एक गंमत आहे. नायसिनमुळे दूध माणसाला अपायकारक होत नाही, पण त्याचा अंश दुधात राहिला तर चीजचे विरजण बिघडू शकते. आपल्याकडे दह्याचे तेच. म्हणजे ‘नैसर्गिक आहे, दूध ओतायची गरज नाही’ असे कोणी सांगितले तरी ते दूध डेअरीत दही-पनीरला जाणार असेल तर प्रश्न उरतोच.

पाकिटावर ‘पेप्टाइड’ लिहिले असेल तर

सध्या मिळणाऱ्या बऱ्याच पूरक खाद्यांवर हा शब्द असतो तो वेगळ्या अर्थाने. सोयापेंड किंवा अन्य प्रथिन विकरांनी किंवा आंबवून तोडले की छोट्या माळा तयार होतात. ते पचायला सोपे प्रथिन. वासराला किंवा पिल्लाला त्याचा फायदा होऊ शकतो. पण ते जंतुनाशक नव्हे, आणि संगणकाने घडवलेले तर नव्हेच. किंमत पटत असेल तर प्रथिन म्हणून घ्या, औषध म्हणून घेऊ नका.

पाकीट ‘दगडी बरी करते’, ‘सीआरडीवर उपाय’ असे म्हणत असेल तर तो औषधाचा दावा झाला. औषधाला परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदत लागते. जनावरांच्या औषधावर, दूध-अंडी-मांस किती दिवस वापरायचे नाही, तो कालावधीही लिहावा लागतो. २०१२ पासूनचा नियम असा आहे की तो कालावधी ठरवलेला नसेल तर दूध व अंड्यांसाठी किमान ७ दिवस आणि मांसासाठी किमान २८ दिवस धरायचे. दावा औषधाचा आणि लेबल खाद्याचे, अशी वस्तू दारात आली तर विकत घेण्याआधी पशुवैद्यकांना फोटो पाठवा. कंत्राटी शेडमध्ये सुपरवायझर जे देतो तेच घालावे लागते हे खरे, पण पाकिटाचा फोटो काढून बॅचच्या नोंदीत ठेवायला कोणी अडवत नाही. उद्या मालात अंश सापडला तर तो फोटो तुमच्या बाजूने बोलेल.

अंगातली पेप्टाइड्स राखणे आज जमण्यासारखे आहे

बाहेरून द्यायच्या पेप्टाइडला वेळ आहे, पण जी जनावराच्या अंगात आहेत ती वाढवता किंवा घालवता येतात, आणि यावरचे संशोधन मला संगणकाच्या बातम्यांपेक्षा जास्त उपयोगी वाटते. अमेरिकेत ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठातील गटाने २०११ मध्ये दाखवले की ब्युटिरेटमुळे कोंबडीच्या पेशी स्वतःची संरक्षक पेप्टाइड्स जास्त बनवतात आणि खाद्यातून दिल्यावर आतड्यातील साल्मोनेला कमी होतो. इथे जंतूवर थेट औषधाचा दाब नाही. कोंबडीचीच १४ डिफेन्सिन्स आणि चार कॅथेलिसिडिन्स एकत्र कामाला लागतात, त्यामुळे जंतूला एकाच्या विरुद्ध तयार होणे कठीण. लेपित ब्युटिरेट बाजारात मिळते. ते रोगावरचे औषध नाही, आणि ओले लिटर व अमोनियाचा वास असलेल्या शेडमध्ये ते घालून पैसे वाया जातात. गाईच्या पेशींत जीवनसत्त्व ‘ड’ हेच काम करताना आढळले आहे. अंधाऱ्या, कोंदट गोठ्यापेक्षा मुक्तसंचार गोठा बरा म्हणण्याला हे आणखी एक कारण.

भाकड काळात कासेतील लॅक्टोफेरिन पुष्कळ वाढते. ते लोह धरून ठेवते, ई-कोलायला लोह मिळत नाही. पण हे व्हायला कास नीट आटावी लागते. विण्याच्या अगदी जवळ येईपर्यंत दूध काढत राहिलात तर हे संरक्षण उभेच राहत नाही. दोन महिन्यांचा भाकड काळ द्या. आटवताना सरसकट चारही सडांत ट्यूब सोडण्याआधी सीएमटी चाचणी करा आणि कोणत्या सडाला गरज आहे ते पशुवैद्यकांकडून ठरवून घ्या. युरोपात जानेवारी २०२२ पासून आजार नसताना सरसकट प्रतिजैविक देण्यावर निर्बंध आले आहेत. आपल्याकडेही दिशा तीच राहील. धार काढल्यावर सडाचे तोंड बंद व्हायला साधारण अर्धा तास लागतो. तेवढा वेळ गाय उभी राहावी म्हणून वैरण धार काढल्यानंतर टाका. आणि वासराला पहिल्या दोन तासांत चीक पाजा, त्यात लॅक्टोफेरिन नेहमीच्या दुधापेक्षा कितीतरी जास्त असते.

राहिला एक मुद्दा, विस्तार कार्यकर्त्यांसाठी मुख्यतः. संगणक जेवढी माहिती मिळेल तेवढेच शिकतो. शिरूर-दौंडमधल्या गाईंच्या कासेत आज कोणता जंतू आहे आणि तो कशाला दाद देत नाही, ही माहिती कोणत्याही सूचीत आपोआप जाणार नाही. ती दुधाच्या नमुन्यातून जाते. त्यासाठी नमुना प्रतिजैविक देण्याआधी घ्या. सड धुऊन कोरडे करा, टोक स्पिरिटच्या कापसाने पुसा, पहिल्या दोन-तीन धारा सोडून द्या आणि नंतरची धार निर्जंतुक बाटलीत तिरकी धरून घ्या, हात आत लागू देऊ नका. बाटलीवर गाईच्या कानातील बिल्ल्याचा क्रमांक, सड कोणता, तारीख आणि गेल्या महिन्याभरात दिलेली औषधे लिहा. बर्फात ठेवून गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत पुण्याच्या औंध येथील रोग अन्वेषण विभागाकडे शक्यतो २४ तासांत पोहोचवा. अहवाल यायला दोन-चार दिवस लागतात. तोवर गाईला काय द्यायचे ते पशुवैद्यक ठरवतील. अहवाल आल्यावर ट्यूब बदलायची वेळ आली तर जुनी अर्धवट सोडू की पूर्ण करू, हेही त्यांनाच विचारा.